स्कॅन आधीच झालेला असताना शस्त्रक्रियेच्या वेळी गॅमा प्रोब आणि छोटा कॅमेरा कशासाठी लागतो?

प्रश्न
अधोरेखित:

नमस्कार. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध रुग्णाचा नातेवाईक एवढाच. माझ्या थोरल्या बहिणीची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया अलीकडेच झाली. ती बरी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना धीराचे शब्द शोधत बसावे लागणार नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी तिच्या स्तनाग्राभोवतीच्या त्वचेत किरणोत्सारी औषधाचे छोटे इंजेक्शन देण्यात आले. दोनेक तासांनी मोठ्या गॅमा कॅमेऱ्याखाली काखेचे चित्र घेतले गेले, त्वचेवर पेनाने फुली मारली गेली आणि नंतर शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जननी जाडसर पेनासारख्या दिसणाऱ्या एका प्रोबच्या मदतीने काखेतल्या दोन लसिकाग्रंथी काढल्या. त्याच खोलीत एका हलत्या दांड्यावर बसवलेला छोटा गॅमा कॅमेराही होता, पण तो अगदी शेवटी, तोही मिनिटभरच वापरला, असे नंतर कळले.

माझ्या तीन शंका आहेत. चित्र आणि फुली दोन्ही हाताशी असताना तेच ठिकाण पुन्हा शोधण्याची गरज का पडावी? दुसरे असे की, कॅमेरा प्रतिमा देतो आणि प्रोब केवळ एक आकडा व टिकटिक देतो, तर मग बहुतेक काम प्रोबने आणि शेपटाएवढे काम कॅमेऱ्याने, असा उलटा क्रम कसा? तिसरी शंका खरी टोचणारी आहे. शस्त्रक्रियेनंतर सर्जन बहिणीला म्हणाले, "दोन ग्रंथी काढल्यावर आतून आवाज येईनासा झाला." ते वाक्य तिने कर्करोग उरला नसल्याचा दाखला समजून मनात जपून ठेवले आहे. तो अर्थ बरोबर की चूक, हे मला सांगता आले नाही.

उत्तर
टाकादोरा:

मी स्तनाच्या आणि त्वचेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करते. आपल्या तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या दोन्हींचे मूळ तिच्यातच आहे. प्रोबला कर्करोग ऐकू येत नाही, टोचलेले औषध ऐकू येते. हे औषध म्हणजे टेक्नेशियम-९९एम जोडलेले अतिसूक्ष्म कण. ते त्वचेखालच्या लसिकावाहिन्यांतून वाहत जातात आणि वाटेत लागणाऱ्या पहिल्या ग्रंथीतल्या भक्षकपेशी त्यांना गिळून धरून ठेवतात. गाठीतून सुटलेली कर्कपेशी निघालीच तर तीही बहुधा याच वाटेने जाऊन याच ग्रंथीत प्रथम पोहोचणार, हा त्यामागचा तर्क. म्हणून तिला सेंटिनल, म्हणजे वेशीवरची पहारेकरी ग्रंथी म्हणतात. प्रोब आपल्याला वेस दाखवतो. वेशीतून कोणी आत शिरले आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली ती ग्रंथी पाहणारे पॅथॉलॉजिस्टच सांगतात.

या कल्पनेला शिश्नाच्या कर्करोगावर काम करणाऱ्या रॅमोन कबानास यांनी १९७७ मध्ये ठोस आकार दिला. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी निळ्या रंगाच्या साह्याने ती ग्रंथी शोधण्याची पद्धत मांडली आणि डेव्हिड क्रॅग व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये स्तनाच्या कर्करोगात गॅमा प्रोब वापरून तेच काम केल्याचे प्रसिद्ध केले. त्याआधी काखेतल्या बहुतेक सगळ्या ग्रंथी सरसकट काढल्या जात आणि त्यातल्या कित्येक स्त्रियांना हाताच्या सुजेचा त्रास आयुष्यभर भोगावा लागे. आपल्या बहिणीच्या दोनच ग्रंथी गेल्या, यामागे हा सगळा इतिहास आहे.

आता "आवाज येईनासा झाला" याचा नेमका अर्थ. समजा, काढलेली ग्रंथी रुग्णापासून दूर धरून दहा सेकंद मोजली आणि १८०० मोजण्या मिळाल्या. मग रिकाम्या झालेल्या जागेत, इंजेक्शनच्या जागेकडे पाठ करून, प्रोब सगळीकडे फिरवायचा. कुठेही १८० पेक्षा जास्त मोजण्या आल्या तर तिथे आणखी एक सेंटिनल ग्रंथी आहे असे धरून तीही काढायची. याला आम्ही दहा टक्क्यांचा नियम म्हणतो. तो समाधानकारक रीतीने पुरा झाला, एवढेच आपल्या सर्जनना सांगायचे असणार.

यातली खरी मेख अशी की, कर्करोगाने पुरती भरून गेलेली ग्रंथी मुकी होऊ शकते. तिच्यात शिरणाऱ्या वाहिन्याच तुंबतात, लसिका आडवाटेने शेजारच्या निरोगी ग्रंथीकडे वळते आणि प्रोब त्या निरोगी ग्रंथीवर आनंदाने वाजत राहतो. म्हणून प्रोब शांत झाल्यावर मी तो बाजूला ठेवते आणि बोट आत घालून चाचपडते. टणक, वाटाण्यासारखी घट्ट लागणारी ग्रंथी एकही मोजणी देत नसली तरी मी काढते. एनएसएबीपी बी-३२ या मोठ्या चाचणीत काखेत रोग असूनही सेंटिनल ग्रंथी स्वच्छ निघण्याचे प्रमाण ९.८ टक्के होते. काखेत रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रत्यक्ष प्रमाण मात्र त्याहून खूपच कमी राहते, कारण पुढे औषधे आणि किरणोपचार आपापले काम करतात.

पहिल्या शंकेचे उत्तर मला कागदावर देण्यापेक्षा टेबलाजवळ उभे करून दाखवायला आवडले असते. स्कॅनच्या वेळी हात डोक्यामागे असतो, शस्त्रक्रियेच्या वेळी तो काटकोनात बाजूच्या फळीवर ठेवलेला असतो. तेवढ्याने काखेची कातडी आतल्या ऊतींवरून सरकते, फुली एकीकडे आणि ग्रंथी बोटभर दुसरीकडे. फुली खोलीही सांगत नाही. छेद घेतल्यावर समोर येते ती पिवळी चरबी, तिच्यात तशीच पिवळसर, घेवड्याच्या दाण्याएवढी ग्रंथी, आणि आजूबाजूला ज्यांना धक्का लावायचा नाही अशा नसा. निर्जंतुक आवरणात घातलेला प्रोब मी या चरबीवर हलकेच टेकवते आणि टोक न हलवता दांडा अंशाअंशाने कलवते. एका कोनात टिकटिक दाट होत जाऊन जवळजवळ सलग सूर होते, तो कोन मनाशी पक्का करते. मग प्रोब दोन सेंटिमीटर बाजूला टेकवून पुन्हा तसेच. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे चिमटा घालायचा. दर दोन मिनिटांनी हे पुन्हा करावे लागते, कारण मी ऊती ओढली की नकाशा पुन्हा बदललेला असतो.

कॅमेऱ्याचे यंत्रशास्त्र जाणकारांनी सांगावे. मला तो मनापासून उपयोगी वाटतो तो दोन वेळी. एक, मान आणि चेहऱ्याच्या मेलानोमात, जिथे इंजेक्शनची जागा आणि ग्रंथी एकमेकींपासून दोन-तीन सेंटिमीटरवर असतात आणि इंजेक्शनच्या प्रखर किरणोत्सारात ग्रंथीचा क्षीण आवाज बुडून जातो. दुसरी वेळ अगदी शेवटची, म्हणजे काढलेल्या जागेवर एकदा नजर फिरवून एकाला एक चिकटलेल्या दोन ग्रंथींपैकी एक मागे राहिली नाही ना, हे पाहण्याची. आपल्या बहिणीच्या वेळी तेच केले गेले असावे.

उत्तर
मोजणी-अठरा:

मी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आहे. दुसऱ्या शंकेचे उत्तर आपण वर्गात शिकवता त्याच व्यस्त वर्ग नियमात आहे, म्हणून थेट आकडेमोडच मांडतो.

समजा, ४० मेगाबेकरेल औषध टोचले. त्यातला एक टक्काही भाग ग्रंथीत पोहोचत नाही, असे पुष्कळदा घडते; आपण ०.१ मेगाबेकरेल धरू. म्हणजे दर सेकंदाला एक लाख विघटने आणि त्यांतून १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे सुमारे ८९ हजार गॅमा फोटॉन, सर्व दिशांना. गॅमा किरण भिंगाने वळवता येत नाहीत, म्हणून प्रतिमा हवी असेल तर कॉलिमेटर लावावा लागतो. कॉलिमेटर म्हणजे शिशाची किंवा टंगस्टनची चाळण, जिच्या भोकांच्या रेषेत न येणारा प्रत्येक फोटॉन वाया जातो. समांतर भोकांच्या नेहमीच्या कॉलिमेटरमधून दर दहा हजार फोटॉनांमागे जेमतेम एक पार होतो. हिशेब करा: सेकंदाला आठ-नऊ मोजण्या, त्याही मधल्या ऊतींनी काही शोषले नाही असे धरून. दहा सेकंद थांबलो तर पडद्यावर नव्वदेक ठिपके विखुरलेले दिसतील आणि तेवढ्यात सर्जनचा हात, रुग्णाचा श्वास किंवा ऊती हलली की तेही पुसट होणार.

आता प्रोब घ्या. एक सेंटिमीटर व्यासाचे तोंड, ग्रंथीपासून दोन सेंटिमीटरवर. घनकोनाचा हिशेब केला तर निघालेल्या फोटॉनांपैकी सुमारे दीड टक्का या तोंडावर येतो. दोन सेंटिमीटर ऊतीत पाव हिस्सा गमावला आणि शोधकाची कार्यक्षमता थोडी कमी धरली तरी सेकंदाला कित्येकशे मोजण्या सहज मिळतात. म्हणजे तीच ग्रंथी कॅमेऱ्यापेक्षा प्रोबला पन्नास ते शंभर पटींनी मोठ्याने ऐकू येते. मोजण्यांतली अनिश्चितता त्यांच्या वर्गमुळाएवढी असते. शंभर मोजण्यांत दहा टक्के, दहा हजारांत एक टक्का. प्रतिमेत हे मोजके फोटॉन शेकडो चौकटींत वाटावे लागतात, प्रोबमध्ये ते सगळे एकाच आकड्याच्या पदरात पडतात. माणसाचा कान टिकटिकीच्या वेगातला फरक फार चटकन ओळखतो, हा आणखी एक फायदा. डोळे जखमेवर ठेवून कानाने मोजता येते, ही सोय कोणत्याही पडद्याला जमत नाही.

शस्त्रक्रियागृहातले छोटे कॅमेरे पुष्कळदा एकाच सुईछिद्राचे असतात. त्यांत जवळच्या वस्तूची मोठी प्रतिमा मिळते आणि अंतर वाढवले की मोठे क्षेत्र दिसते, पण संवेदनक्षमता अंतराच्या वर्गाने घटते. तीन सेंटिमीटरवरून सहावर गेलात तर चौथा हिस्सा उरतो. समांतर भोकांच्या कॅमेऱ्यात उलट घडते: संवेदनक्षमता अंतराबरोबर फारशी बदलत नाही, पण चित्राची धार बोथट होते. त्यामुळे कॅमेरा दांड्यावर नेमका किती वर धरला होता, यावर त्याचे चांगले-वाईटपण बरेचसे अवलंबून असते. दोन कॅमेऱ्यांची तुलना करणारी माहितीपत्रके हे अंतर न लिहिताच "तीन मिलिमीटर विभेदन" छापतात, तेव्हा मला राग येतो.

आतला शोधकही दोन प्रकारचा असतो. जुनी रीत म्हणजे सोडियम आयोडाइड किंवा सिझियम आयोडाइडसारखा स्फटिक, जो फोटॉन शोषून क्षणिक प्रकाश देतो, आणि मागे तो प्रकाश मोजणारी नळी किंवा आता सिलिकॉनची चकती. दुसरी रीत कॅडमियम झिंक टेल्युराइडसारख्या अर्धवाहकाची, ज्यात फोटॉनचे थेट विद्युतस्पंदात रूपांतर होते. ऊर्जा अधिक अचूक मोजता आली की ऊतीत आपटून दिशा बदललेले, ऊर्जा गमावलेले फोटॉन गाळून टाकता येतात. सर्वसाधारणपणे १४० च्या दोन्ही बाजूंना दहा टक्के, म्हणजे १२६ ते १५४ एवढीच खिडकी उघडी ठेवतात. इंजेक्शनच्या जागेकडून विखुरून येणारा गोंगाट यामुळेच आटोक्यात येतो.

या दोघांच्या मधला एक मार्गही आहे. प्रोबच्या दांड्यावर चमकणारे गोळे बसवून, वर लावलेल्या प्रकाशीय कॅमेऱ्याने त्याची जागा आणि दिशा सतत टिपत राहायची आणि प्रत्येक क्षणीच्या मोजणीशी ती जोडायची. सर्जनने मिनिट-दोन मिनिटे प्रोब वेगवेगळ्या बाजूंनी फिरवला की संगणक त्रिमितीय चित्र उभे करतो आणि ग्रंथी त्वचेखाली किती मिलिमीटरवर आहे तेही सांगतो. याला मुक्तहस्त स्पेक्ट म्हणतात. त्याची प्रत मोजणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहते. एकाच बाजूने फिरवलेला प्रोब खोलीचा अंदाज साफ चुकवतो.

उत्तर
निळी-शाई:

एवढा खटाटोप करण्यापेक्षा इंडोसायनिन ग्रीन हा चमकणारा रंग टोचून अवरक्त कॅमेऱ्याने पाहणे सोपे नाही का? किरणोत्सार नाही, न्यूक्लिअर मेडिसिन विभागावर अवलंबून राहणे नाही, आणि वाहिनी डोळ्यांदेखत उजळत जाताना दिसते. माझ्या मते पाच-दहा वर्षांत हे प्रोब संग्रहालयात जातील.

उत्तर
टाकादोरा:

निळी-शाई, मी स्वतः तो रंग वापरते आणि वाहिनी उजळताना पाहणे हा खरोखरच देखणा अनुभव असतो. पण तो प्रकाश ऊतीतून एक सेंटिमीटरही धड बाहेर येत नाही. टेक्नेशियमचे गॅमा किरण निम्मे व्हायला साडेचार सेंटिमीटर ऊती लागते. काखेत चरबी जाड असेल तर छेद कुठे घ्यायचा हे प्रकाश सांगू शकत नाही, आणि शस्त्रक्रियेआधी त्वचेवरूनच ठिकाण ठरवणे हेच तर काम आहे. शिवाय हा रंग लहान रेणूचा असल्याने पहिल्या ग्रंथीत ठरत नाही, पुढच्या ग्रंथींकडे वाहत जातो. उशीर झाला की चार-पाच ग्रंथी उजळतात आणि त्यांतली पहारेकरी कोणती, हे कळेनासे होते.

म्हणूनच नेदरलँड्समधल्या गटांनी दोन्ही एकत्र केले: टेक्नेशियमच्या कणांनाच हा रंग चिकटवायचा. लांबून गॅमाने दिशा आणि जवळ गेल्यावर प्रकाशाने नेमकी जागा. चुंबकीय लोहकणांचाही पर्याय आहे, जिथे किरणोत्सारी औषध मिळणेच कठीण असते तिथे तो चांगलाच कामाचा; फक्त धातूचे चिमटे त्या प्रोबजवळ चालत नाहीत आणि टोचलेल्या जागेचा एमआरआय पुढे बराच काळ बिघडतो. संग्रहालयाची घाई करू नये, एवढेच म्हणते.

उत्तर
दुसरी-पाळी:

मी शस्त्रक्रियागृहातली परिचारिका आहे. वरच्या दोघांनी तत्त्व सांगितले, मी एक फजिती सांगते. एकदा मेलानोमाच्या शस्त्रक्रियेत कॅमेऱ्याच्या पडद्यावर मांडीच्या बाजूला एक ठळक ठिपका आला, जिथे लसिकाग्रंथी असण्याचे काही कारणच नव्हते. सर्जन विचारात पडले. स्कॅनच्या चित्रात तो नव्हता. प्रोब नेला तर तोही जोरात वाजला. दहा-बारा मिनिटे यातच गेली. अखेर मी वरचे कापड उचलून बाजूला धरले आणि ठिपका कापडाबरोबर सरकला! सकाळी इंजेक्शनच्या जागेवर दाबून धरलेल्या कापसाच्या बोळ्यातला औषधाचा थेंब रुग्णाच्या गाउनला लागला होता आणि तो गाउन घडी होऊन टेबलाच्या कडेला अडकून राहिला होता. दोन्ही यंत्रे अगदी खरे बोलत होती. तेव्हापासून इंजेक्शनचा बोळा कुठे टाकला, हे मी स्वतः विचारून घेते आणि सुरुवातीला प्रोब रिकाम्या कापडावरून एकदा फिरवून बघते.

नातेवाईक विचारायला संकोचतात म्हणून एक सांगून ठेवते. या तपासणीत सर्जनला मिळणारी मात्रा दर शस्त्रक्रियेमागे मायक्रोसिव्हर्टच्या पातळीवर असते, म्हणजे निसर्गात सर्वांनाच रोज मिळणाऱ्या प्रारणाच्या जवळपास किंवा त्याहून कमी. टेक्नेशियमचा अर्धायुष्यकाल सहा तासांचा. आदल्या दुपारी टोचले आणि अठरा तासांनी शस्त्रक्रिया झाली तर आठवा हिस्साच शिल्लक असतो. काढलेल्या ग्रंथींच्या बाटलीवर आम्ही किरणोत्साराची खूण लावतो, पण रुग्णाने घरी गेल्यावर लहान मुलांना जवळ घ्यायला घाबरण्याचे काही कारण नसते.

प्रश्नकर्त्याची पुढची शंका
अधोरेखित:

सर्वांचे मनापासून आभार. मोजणी-अठरा यांचा घनकोनाचा हिशेब मी पुढच्या सत्रात उदाहरण म्हणून नक्की घेणार. एक नवी शंका मात्र उभी राहिली. प्रोबला औषध ऐकू येते, कर्करोग नाही, हे पटले. पण पेट स्कॅनमधले औषध तर कर्कपेशींतच जास्त साठते. मग तेच टोचून त्याच प्रोबने गाठच का ऐकू नये? आणि गाठीचा एखादा कण कडेला राहून गेला तर तोही का सापडू नये?

उत्तर
मोजणी-अठरा:

त्याच प्रोबने नाही, हे पहिले. पेटमधल्या फ्लोरिन-१८ मुळे ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन बाहेर पडतात. १४० चे फोटॉन निम्मे करायला शिशाचा सुमारे ०.३ मिलिमीटर थर पुरतो, ५११ साठी सुमारे चार मिलिमीटर लागतो. शंभरातले नव्व्याण्णव अडवायचे तर पहिल्यासाठी दोन मिलिमीटर आणि दुसऱ्यासाठी अडीच सेंटिमीटरहून जाड भिंत. पेनाची जाडी गेली, हातात मुसळ आले. असे जड प्रोब बनवले जातात, पण साखरेसारखे असलेले हे औषध मेंदू, हृदय आणि मूत्राशय यांतही भरपूर असते आणि तिथून येणारे फोटॉन कोणत्याही बाजूने घुसतात. पोटाच्या शस्त्रक्रियेत मूत्राशयाकडे तोंड झाले की प्रोब नुसता ओरडत सुटतो. फ्लोरिन-१८ चा अर्धायुष्यकाल सुमारे ११० मिनिटांचा, त्यामुळे शस्त्रक्रिया दोन तास लांबली की निम्म्याहून अधिक संकेत गेलेला असतो. सर्जन आणि परिचारिकांना मिळणारी मात्राही इथे जास्त असते.

कडेला राहिलेल्या कणाची आपली कल्पना मात्र नेमकी आहे, आणि तिच्यासाठी फोटॉनऐवजी फ्लोरिन-१८ मधून निघणारे पॉझिट्रॉनच, म्हणजे धन प्रभाराचे बीटा कणच मोजतात. फ्लोरिन-१८ चा पॉझिट्रॉन ऊतीत जास्तीत जास्त २.४ मिलिमीटर, सरासरी सुमारे ०.६ मिलिमीटर जातो. तो प्रोबपर्यंत पोहोचला याचाच अर्थ उगम अगदी पृष्ठभागावर आहे. मूत्राशयातले पॉझिट्रॉन तिथेच जिरतात, त्यांचा गोंगाट आपोआप टळतो. तरीही ५११ चे फोटॉन शोधकाला शिवून जातातच, म्हणून पातळ शोधकाच्या मागे दुसरा ठेवून त्याची मोजणी वजा करावी लागते. तोटा त्याच गुणातून येतो: रक्ताचा पातळ थर किंवा दोन मिलिमीटर निरोगी ऊती वर असली तर गाठ पूर्ण मुकी.

गंमत अशी की सुरुवात इथूनच झाली होती. १९४९ मध्ये सेल्व्हरस्टोन, स्वीट आणि रॉबिन्सन यांनी मेंदूतल्या गाठी शोधायला फॉस्फरस-३२ टोचून बारीक गायगर-म्युलर नळी थेट मेंदूत उतरवली होती. फॉस्फरस-३२ केवळ बीटा कण सोडतो. टेक्नेशियम सोयीचे झाल्यावर सारे गॅमाकडे वळले आणि आता कडेच्या प्रश्नासाठी पुन्हा बीटाकडे येत आहेत.

वर्गात सांगायला आणखी एक: प्रकाश त्या माध्यमात ज्या वेगाने जातो त्याहून पॉझिट्रॉनचा वेग जास्त असला की चेरेन्कॉव्हचा निळसर प्रकाश पडतो. काढलेली गाठ काळोख्या पेटीत ठेवून अतिसंवेदनशील कॅमेऱ्याने तो टिपला तर गाठ कडेपर्यंत पोहोचली आहे का, याचा अंदाज येतो. स्तनाच्या कर्करोगात असा पहिला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकाश इतका क्षीण की पेटीच्या झाकणाची फटसुद्धा चालत नाही.

सध्या औषधाच्या बाजूने सर्वांत चांगली जमलेली जोडी मला पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगात दिसते. तिथे पीएसएमए नावाचे प्रथिन ओळखणाऱ्या रेणूला टेक्नेशियम जोडतात, म्हणजे औषध कर्कपेशीला धरणारे आणि किरण मात्र सोयीच्या १४० चे. पुन्हा उद्भवलेल्या, ओटीपोटात खोल दडलेल्या काही मिलिमीटरच्या ग्रंथी यातून सापडतात. यंत्रमानवी शस्त्रक्रियेत लांब ताठ प्रोब हवा तसा वळत नाही, म्हणून वायरला लोंबणारा, बोटाच्या पेराएवढा प्रोब पोटात सोडतात आणि यंत्राच्या चिमट्याने उचलून हव्या त्या कोनात धरतात. पेटवर दिसलेली प्रत्येक ग्रंथी अशी सापडतेच असे नाही. जिच्यात औषध कमी शिरले ती इथेही गप्पच.

उत्तर
टाकादोरा:

अधोरेखित, बहिणीला काय सांगायचे हे आपण उघडपणे विचारले नाहीत, तरी लिहिते. "आवाज थांबला" हे वाक्य तिच्याकडून काढून घेऊ नका. योग्य ग्रंथी सापडल्या आणि काढल्या गेल्या, हा त्याचा अर्थ आहे आणि तो चांगलाच आहे. त्याच्या जोडीला पॅथॉलॉजीच्या अहवालातल्या दोन ओळी तिच्याबरोबर बसून वाचा. एकीत किती सेंटिनल ग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित निघाल्या हे लिहिलेले असते. दोन्ही निरोगी असल्या तर सहसा काखेची आणखी शस्त्रक्रिया लागत नाही. एखादी बाधित असली तरी लगेच घाबरायचे नाही. स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया आणि पुढे किरणोपचार असतील, तर एक-दोन बाधित ग्रंथींसाठी सगळी काख न सोलताही रुग्णांचे आयुर्मान घटत नाही, असे झेड-००११ या चाचणीत दिसून आले आहे. दुसरी ओळ गाठीच्या कडांची. शाई लावलेल्या कडेवर कर्कपेशी आहेत की नाहीत, ते तिथे असते. त्या ओळीबद्दल काखेतला प्रोब काहीच बोललेला नाही, त्यामुळे पुढच्या भेटीत सर्जनना पहिला प्रश्न तिच्याबद्दल विचारा.